न विरघळलेला गणपती

मंगल गेल्याचा फोन आला तेव्हा मी रोह्याच्या बाजारात कडवे वाल घेत होते. फोन तिच्या नवऱ्याचा, सुधाकरभाऊजींचा. सकाळी चहा पिऊन जरा पडते म्हणाली ती उठलीच नाही, एवढंच ते बोलले. मी काय म्हणावं? मी म्हटलं, "बरं, येते." आणि फोन ठेवून वालवाल्याला सांगितलं, अर्धा किलो दे, किडके काढ. त्याने वाल मोजले, मी पैसे दिले, रिक्षा केली आणि वरश्याला तिच्या दारात उतरले तेव्हा लक्षात आलं की आपण वालाची पिशवी घेऊन मयताला आलोय. ती पिशवी कुठे ठेवावी तेच कळेना. शेवटी पदराखाली धरली आणि तशीच तिच्याशेजारी बसले. रडू आलं नाही. राग आला. काही सांगणं नाही, सवरणं नाही... ही काय जायची पद्धत झाली? महिना उलटून गेला, तरी माझं डोकं अजून तसंच गोंधळलेलं आहे. म्हणून लिहायला बसले आहे. लिहून काही सुटेल असं नाही.

आम्ही दोघी रोह्यात एकाच शाळेत. मी मराठी शिकवायची, ती विज्ञान. आठवीत पदार्थांचा धडा आला की ती मुलांना घरून मूठभर काहीतरी आणायला सांगायची. मग तिच्या टेबलावर बाजार भरायचा... मीठ, पोहे, राख, गूळ, चिंच, डोलवीच्या पोलाद कारखान्यात बाप कामाला असलेल्या एका पोरीने आणलेला लोखंडाचा कीस. एकदा एका शहाण्या पोराने, त्याच्या बापाने धाटावच्या केमिकल कंपनीतून आणलेली पिवळी पावडर पुडीत बांधून आणली. मंगलने ती पुडी उघडलीसुद्धा नाही. बापालाच शाळेत बोलावलं आणि सेकंड शिफ्टला निघालेल्या त्या माणसाला व्हरांड्यात असं झापलं, की तो पुडी हातात घेऊन पोरासारखा खाली मान घालून उभा राहिला. मग वर्गात येऊन शांतपणे म्हणाली, "हं, आता सांगा, यातलं मूलद्रव्य कोणतं, संयुग कोणतं, मिश्रण कोणतं?"

मला यातलं कधी धड कळलं नाही, हे आधीच सांगते. स्टाफरूममध्ये मी तिला छळायची. पेणच्या मिठागरात पाणी आटवून मीठ काढतात, मग ते मिश्रण का नाही? ती डब्यातली भाकरी मोडत म्हणायची, "समुद्राचं पाणी मिश्रण, गो. मीठ संयुग. आटलं काय, तर पाणी. मीठ आधीपासून होतंच." बरं, मग भौतिक बदल आणि रासायनिक बदल यात फरक काय? मी गाईडमध्ये वाचून ठेवलं होतं, तेच ठोकून दिलं... मूळ पदार्थ परत मिळाला तर भौतिक, नाही मिळाला तर रासायनिक. तिने माझ्या हातातला प्रश्नपत्रिकेचा कच्चा कागद घेतला, टराटरा फाडला आणि तुकडे माझ्यासमोर ठेवले. "आण बघू परत." मी म्हटलं, "अगं बाई, तो मला ऑफिसात द्यायचा होता." "नाही ना येत? पण आहे कागदच ना? परत येतं का हे विचारू नकोस. नवीन काही तयार झालं का, ते विचार." मी म्हटलं, मग तांदळाचा भात होतो तेव्हा? तोही तांदूळच ना? त्यावर ती हात धुवायला उठली. "शालू, तू आपली मराठीच शिकव."

ती मूळची पेणची, गणपतीच्या कारखान्यातली. आम्ही कारखाना म्हणतो, पण म्हणजे काय, तर घराची पडवी, फळ्या आणि त्यावर ओळीने बसलेले बिनरंगाचे गणपती. तिचे वडील शाडूचे गणपती करायचे, हाताने. शाडू सुकायला वेळ लागतो, पावसाळी हवेत तर फारच, आणि जडही असतो. वडील गेल्यावर तिच्या भावाने, दिनूने, प्लास्टर आणलं. साच्यात ओतलं की घटकेत घट्ट, वजनाला हलकं, मुंबईला पाठवायला सोपं. चुकलं काय त्याचं? पेणेत तेव्हा सगळेच तसं करू लागले होते. पण मंगलला ते सहन झालं नाही. ती वर्गात प्लास्टर कालवून मुलांच्या तळव्यावर ठेवायची आणि विचारायची, "गरम लागतंय ना? म्हणजे आत काहीतरी नवीन होतंय. आता हे पाण्यात वर्षभर ठेवलं तरी पीठ व्हायचं नाही. शाडूतून नुसतं पाणी गेलेलं असतं. पाणी दिलं की पुन्हा माती." तेच तिने भावाला ऐकवलं, तेही भाऊबीजेला, ओवाळून झाल्यावर. दिनू तापला. "तुला म्हयन्याला पगार येतो मंगी. आमचा पाऊस पगार देत नाय." त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. पेण ते रोहा, एसटीने गेलं तर किती लांब? पण बंद म्हणजे बंद.

गंमत अशी की, गणपती मात्र बंद झाला नाही. दर वर्षी दिनूच्या टेम्पोतून वरश्याला एक लहान मूर्ती यायची. शाडूची, त्याने स्वतः हाताने केलेली, फडक्यात गुंडाळलेली. सोबत निरोप नाही, काही नाही. मंगलच्या घरी दीड दिवसाचा गणपती. विसर्जन अंगणातच, मोठ्या टबात. तिच्या वर्गातली मुलं प्रसादाला यायची आणि टबाभोवती उकिडवी बसायची. सकाळपर्यंत मूर्ती विरघळायची. विरघळायची म्हटलं की मंगल मला लगेच टोकायची, "विरघळतं ते मीठ. माती नुसती सुटते आणि खाली बसते." ती खाली बसलेली माती ती वाळवायची आणि त्याच टेम्पोने पेणला परत धाडायची. सोबत निरोप नाही. पुढच्या वर्षी दिनू त्याच मातीत थोडी नवी माती मिसळून मूर्ती करायचा. तोंडाने एक शब्द न बोलता भावाबहिणीचं हे असं कित्येक वर्षं चाललं होतं. मला तर हे रागावणं की लाड, तेच समजायचं नाही.

आणि मग एका वर्षी गणपती विरघळला नाही. सकाळी मी गेले तर अंगणात टबाभोवती मुलं वाकून उभी, आणि पाण्यात बाप्पा जसाच्या तसा बसलेला. रंग थोडा सुटला होता, बाकी काही नाही. एक मुलगा म्हणाला, "बाई, तुम्ही तर म्हणालात माती होते." भाऊजी हळूच म्हणाले, "आणतानाच मला यंदा हलका वाटला होता."  मंगलने अजून एक दिवस वाट बघितली. मग बाह्या वर करून दोन्ही हात टबात घातले, मूर्ती काढली, पुसली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "फसवलंन मला दिनूने," एवढंच म्हणाली. मूर्ती टॉवेलात गुंडाळून ती एसटी स्टँडच्या रस्त्याला लागली. संध्याकाळी मला म्हणाली, "दिली परत पाठवून." त्यानंतर पेणहून मूर्ती आली नाही आणि इथून माती गेली नाही. ती बाजारातून शाडूचा गणपती आणू लागली. विषय काढला तर उठून जायची. मीही मग काढणं सोडून दिलं.

दिवसकार्य आटोपल्यावर पाहुणे पांगले, तेव्हा दिनू माझ्याशेजारी येऊन बसला. केस पांढरे, अंगाने वाळलेला. उजवा हात मांडीखाली दाबून बसला होता. मग त्याने तो काढून दाखवला. बोटं थरथरत होती, थांबतच नव्हती. "ह्ये त्या वर्षीच सुरू झालं, बाई. शाडूची मूर्ती बनवायला घेतली तर सोंड जागेवर ऱ्हाईना. चार वेळा मोडली. पोरं म्हणाली, आत्याला साच्यातली पाठवू. मी म्हटलं, तिला काय सांगू? हात गेला म्हनून सांगू? मूर्तिकाराचा हात गेला हे गावात कळलं तर गिऱ्हाईक ऱ्हाईल काय?" त्याने हात पुन्हा मांडीखाली घेतला. "साच्यातली पाठवली. फकस्त उंदीर तेवढा हातानं केला व्हता, शाडूचा. तेवढाच जमला." मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "तिला कळलं व्हतं काय, बाई? का मी फसवलं असंच मनात धरून गेली?"

 खोटं बोलावं तर तो माणूस समोर बसलेला, आणि खरं म्हणजे काय ते मलाच ठाऊक नाही. मी एवढंच म्हटलं, "मूर्ती तर तिने तुम्हाला परत पाठवली ना?" तो गोंधळून माझ्याकडे बघू लागला. "नाय वो. मूर्ती कधी आलीच नाय."

भाऊजी दारात उभे राहून ऐकत होते. ते आत गेले, स्टूल ओढलं आणि माळ्यावरून एक पुठ्ठ्याचा खोका काढून आणला. "शाळेचं काचसामान आहे, हात लावू नका म्हणायची," ते म्हणाले. वर दोन-तीन चंचुपात्रं होती, खाली जुना टॉवेल. टॉवेलात तोच गणपती, रंग सुटलेला. आणि त्याच्या पायाशी उंदीर, पण तो दिनूच्या हातचा नव्हता. दिनूने केलेला तो उंदीर पाण्यात केव्हाच सुटून गेला असणार. टबात हात घातला तेव्हाच तिला तळाची माती लागली असणार. फसवणारा माणूस प्लास्टरच्या मूर्तीला शाडूचा उंदीर कशाला करील, हे मंगलला, विज्ञानाच्या बाईला, कळलं नसेल? तीच मूठभर माती घेऊन तिने पुन्हा उंदीर केला होता. वेडावाकडा, एक कान मोठा, एक लहान.

मग गेली का नाही पेणला? मी सारखा हाच विचार करतेय. अगं, एवढं कळलं होतं तर एसटीत बसायला काय झालं होतं? उंदीर कधी केला असेल तिने, त्याच आठवड्यात की पुष्कळ वर्षांनी? जायचं म्हणून केला आणि राहून गेलं? की उंदरावरून तिने त्याच्या हाताचं ओळखलं, आणि त्याने हात लपवला तर आपणही तो लपवू द्यावा, असं काही तिच्या मनात होतं? तिला विचारायला हवं होतं. आता कुणाला विचारू... मला काही कळत नाही आणि कळणारही नाही.

दिनूने उंदीर डाव्या हातात घेतला.  "मंगीला उंदीर कधीच जमला नाय," म्हणाला, आणि हसता हसता त्याला ठसका लागला. भाऊजींनी त्याला पाण्याचा तांब्या दिला. तो प्यायला नाही. थरथरती बोटं त्याने तांब्यात बुडवली आणि त्या मोठ्या कानावर हळूहळू फिरवू लागला. इतक्या वर्षांची सुकलेली माती ओली झाली, मऊ झाली, आणि त्याच्या बोटांखाली तो कान दुसऱ्या कानाएवढा होत गेला.