एटापल्लीला नेलेलं दार

सरकार एखादी गोष्ट सोपी करणार आहे असं कुणी सांगितलं, की मी अजूनही सावध होते. अवघड गोष्टी माणूस कशाबशा निभावून नेतो. सरकारने सोपी केलेली गोष्ट मात्र भल्याभल्यांना पुरून उरते. हे मी शिकले ते दुसऱ्या निवडणुकीच्या आधी, एटापल्लीकडच्या रानात. माझे यजमान तिथल्या प्राथमिक शाळेत मास्तर होते. मी ब्रह्मपुरीची, धानाच्या मुलखातली, जिभेने तिखट. त्या रानात माझं बोलणं ऐकून घ्यायला आमचे मास्तर आणि नाल्यापलीकडची एक म्हातारी, एवढीच माणसं होती.

म्हातारी गोंडाची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. नाल्यापलीकडच्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, तिचं घर होतं, कुडाच्या भिंतींचं. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोह वेचायची, पावसाळ्यात तुकडाभर बांधीत, म्हणजे भातखाचरात, धान लावायची, आणि दुपारी माझ्या ओट्यावर येऊन बसायची. तिला एकच गोष्ट हवी होती, मतदारांच्या यादीत नाव.

हे वेड तिला पहिल्या निवडणुकीने लावलं. तेव्हा नावं लिहायला आलेल्या माणसाने टोल्यावरच्या सगळ्या बायका अमक्याची बायको, तमक्याची आई अशा लिहून नेल्या. मग वरून हुकूम सुटला की अशा बिननावाच्या बाया चालायच्या नाहीत, आणि सगळ्या एका फटक्यात खोडल्या. नाव विचारायचं सुचलं नाही लिहिणाऱ्याला, शिक्षा झाली बायांना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. ही मात्र धुवट लुगडं नेसून मताला गेली, ओळीत उभी राहिली, आणि ‘तुझं नाव नाही, हो बाजूला’ एवढं ऐकून परत आली. तो राग तिने नीट जपून ठेवला होता.

“सारे लोकं डब्यात कागद टाकून आले. मीच काऊन नाई?” असं ती मला सारखं विचारायची. जशी काही यादी माझ्याच ट्रंकेत होती.

पुढे दवंडी पिटली गेली की यंदा यादीचं काम सोपं केलं आहे. आधी घरांवर नंबर पडतील, मग कारकून येऊन नंबराप्रमाणे माणसं लिहील. कुणाला कुठे जायला नको. कचेरीत बसून ही अक्कल ज्याला सुचली त्याने झाड फक्त खुर्चीच्या रूपात पाहिलं असावं. डांबराचा डबा घेऊन दोन माणसं आली आणि टोल्यावरच्या दारादारांवर आकडे काढून गेली.

आता त्या रानात आकडा पडायचा तो एकाच गोष्टीवर, तोडायला काढलेल्या सागावर. जंगलखात्याने ज्या झाडावर आकडा घातला ते पुढच्या हंगामात आडवं व्हायचं. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. माणसं रानातून परतली, दारांवरचे आकडे पाहिले, आणि अंधार पडायच्या आत टोल्यावरचं प्रत्येक दार शेणामातीने जाडजूड लिंपून काढलं. म्हातारीनेही काढलं. तिचं दार सागाचं होतं, टोल्यावर सगळ्यात चांगलं.

काही दिवसांनी कारकून आला तेव्हा ऐन मोहाचे दिवस. माणसं पहाटेच रानात गेलेली. कारकुनाला दारांवर आकडे दिसले नाहीत, घरांत माणसं दिसली नाहीत. नाला ओलांडून मास्तरांना विचारलं असतं तर पाय भिजले असते. त्याने लिहून टाकलं की टोला उठून गेला. टोला जागच्या जागी होता. उठलं होतं ते राज्य. त्याच वर्षी आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून उचलून मुंबईच्या पदरात टाकला, तेव्हाही कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

कच्ची यादी शाळेच्या भिंतीला लागली तेव्हा टोल्यावरचं एकही नाव त्यात नव्हतं. आकडा मतासाठी होता, कुऱ्हाडीसाठी नव्हे, हे मी टोल्यावर जाऊन सांगितलं. तिथला एक वडीलधारा कुऱ्हाडीचा दांडा ठोकत म्हणाला, “नाव गेलं त गेलं बाई. दार त वाचलं.” बाकीच्यांनी मान डोलावली. म्हातारी तेवढी उठली, राख आणि गवताचा चोथा घेऊन तिने दार घासलं. शेण निघालं. खालचं डांबर जसंच्या तसं होतं.

मग सरकारने आणखी सोपं केलं. राहून गेलेल्यांसाठी एटापल्लीला साहेबाचा कॅम्प. लेखी अर्जसुद्धा नको, फक्त यायचं आणि घराच्या नंबराचा पुरावा दाखवायचा. मी हे म्हातारीला सांगितलं आणि बरोबर येते म्हणाले. निघायच्या दिवशी उजाडताना ती माझ्या अंगणात उभी, डोक्यावर दार घेऊन.

“बाई, हे काय?”

“सायेबाले नंबर पायजे म्हनत होती ना तू? तो यावरच त हाय.”

यात तिला काहीच वावगं वाटत नव्हतं. टोल्यावर रोगराई आली की ती माणसं जागा बदलायची, कुडाच्या भिंती तशाच सोडायची आणि दार डोक्यावर घेऊन चालू लागायची. दार जिथे लागलं तिथे घर. तिने अख्खं घरच पुराव्याला काढलं होतं. मी तिला अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला साहेबाचं तोंड पाहायचं होतं.

साहेब नागपूरकडचा होता, तरुण, रानातल्या डासांवर चिडलेला आणि तो राग माणसांवर काढणारा. त्याने दारावरचा आकडा पाहिला, आपल्या कागदाशी ताडला. आकडा जुळला. मग तो हसला.

“दार आहे. पण हे दार ज्या घराचं, ते घर आहे कशावरून?”

साहेब हसला म्हणून शेजारचा कारकूनही हसला. हा तोच, टोला उठवणारा.

मी म्हटलं, “साहेब, घर डोक्यावर मावलं असतं तर तेही आणलं असतं तिने.”

मी कोण याची त्याने चौकशी केली, आणि मास्तरांनी बायकोला आवरावं असा निरोप माझ्याच हाती दिला. मग कागदावर लिहिलं, जागेवर जाऊन चौकशी करावी. चहा पिऊन कारकून त्याच सकाळी सायकलीवर टांग मारून गेला. आम्हाला ऊन उतरेपर्यंत उगाच बसवून ठेवलं आणि मग जा म्हणाले.

परतताना म्हातारी खुशीत होती. तिची मान अवघडली की दार मी घ्यायची. मताला जाताना कोणतं लुगडं नेसायचं ते ती मला सांगत होती. अर्ध्या वाटेवर समोरून कारकून सायकलीवर परत येताना दिसला. त्याने घंटी वाजवली. पायवाट अरुंद, म्हणून आम्ही दार घेऊन बाजूच्या झुडपात शिरलो आणि त्याला वाट दिली. दाराकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

निकालाचा कागद शाळेच्या पत्त्यावर आला. तो मीच तिला वाचून दाखवला. सदर घरास दार नसून घर पडीक आहे. वस्ती आढळली नाही. सबब मागणी नामंजूर.

“मंग मी कुठी राह्यतो?” तिने विचारलं. थट्टेने नव्हे, खरोखर विचारलं. माझा जीव असा जळला की मी कागद चुरगाळून चुलीत घालायला निघाले. मास्तरांनी तो माझ्या हातून काढून घेतला आणि ‘माझी नोकरी आहे’ म्हणाले.

मताच्या दिवशी पेटी आमच्याच शाळेत आली, आणि पेटीबरोबर तोच कारकून. म्हातारी ठरलेलं लुगडं नेसून आली, नाल्याअलीकडच्या गावातल्या माणसांच्या ओळीत उभी राहिली, आणि पुन्हा बाजूला झाली. दुपारी ती व्हरांड्यात माझ्याजवळ बसली होती. शाळेला विहीर नव्हती. पाणी नाल्यातल्या झिऱ्याचं, वाळूतल्या खड्ड्यातून वाटीवाटीने गुंडात, म्हणजे हंड्यात, भरावं लागायचं. कारकून बाहेर आला आणि तिला म्हणाला, “ए बाई, दोन गुंड पाणी आण.”

ती जागची हलली नाही. “मी त इथी राह्यतच नाई बापा. तुमीच लिवलं. मंग पानी कोन आनन?”

ओळीतली माणसं हसली. कारकुनाचं तोंड लाल झालं. सरकारी कामात अडथळा म्हणून वर कळवतो म्हणाला, आणि कागद काढून माझ्याकडे वळला. “हिचं नाव काय?”

मी तोंड उघडायच्या आत म्हातारी उठली. त्याच्या हाताकडे पाहत, सावकाश, त्याला लिहिता येईल अशा बेताने तिने आपलं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, टोल्याचं सांगितलं.

“पुरं लिव,” ती म्हणाली. “अर्धं नोको लिवू.”

त्याने पुरं लिहून घेतलं.