नासेरभाईच्या कॅमेऱ्यातली रूपाबाई

वसरामचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. जवळा बाजारच्या अडतीत आम्ही जोडीने हमाली केली. पोतं पाठीवर नीट बसलं नाही, तर तो उतरवून पुन्हा उचलायचा. दुपारी त्याची बायको रूपाबाई तांड्यावरून भाकर आणायची.

गेल्या हिवाळ्यात ती अचानक वारली. भिंतीवर लावायला आधार कार्डावरचाच फोटो होता, पण तो तिचा वाटतच नव्हता. बाजाराच्या वाटेवर राहणाऱ्या नासेरभाईच्या दारावरच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यात ती जाण्याच्या आदल्या दिवशीची रूपाबाई सापडली, पण अगदी धूसर. वसरामने ते चित्र फोटोवाल्या आतिफकडे नेलं. आतिफने कॉम्प्युटरवर चित्र साफ केलं. डोळे, नाक, ओठ उमटले.

"ही कोन?" वसरामने विचारलं.

"घरच्याच की तुमच्या, चाचा."

"न्हाई रे. आता ध्यानात आलं. नासेरभाईच्या ओट्यावर माझा थोरला भाऊ बसतो. थोरल्या दिराम्होरून जाताना ती तोंडावर पदर घेयाची. मग हे तोंड कुठून आलं?"

"मशीन अंदाजानं भरतंय, चाचा. कॅमेऱ्याला दिसलं न्हाई ते मला काढता येत न्हाई."

वसराम म्हणाला, "पहिलाच दे. धूसर."

हमालीच्या पैशातून त्याने त्या फोटोला काचेची चौकट करून घेतली. त्यात तोंड दिसत नाही. हातातलं भाकरीचं फडकं तेवढं ओळखू येतं.