बिब्ब्यानं काढलेल्या देवी

माझ्या सासूबाईंना सरकारची भीती नव्हती, पोलिसांची नव्हती, निजामाची तर मुळीच नव्हती. त्या भीत फक्त मातेला. माता म्हणजे देवीचा रोग. पण त्याला रोग म्हटलेलं त्यांना खपत नसे. त्यांची दोन मुलं देवीत गेली होती. तिसरे आमचे हे. हे पाळण्यात होते तेव्हाच सासूबाईंनी मातेला शब्द दिला होता, याला ठेव, याच्या अंगाला मी सुई लागू देणार नाही. राजपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत हा नवस सगळ्यांना ठाऊक होता. देवीडॉक्टर टोचायला आला की सासूबाई ह्यांना कोठीत घालून कडी लावत आणि ओट्यावर बसून डॉक्टरला खुशाल पाणी विचारत.

मी तुकईथडची. माझे वडील मास्तर; गावात टोचणारा आला की आधी आपल्या मुलीला पुढे करत, म्हणजे बाकीच्यांची भीड चेपते. लग्न झाल्यावर सासूबाईंनी माझ्या दंडावरचे वण पाहिले, आणि पुढे कितीतरी दिवस माझ्या हातचं त्यांच्या देवाला चाललं नाही. मीही काही गरीब गाय नव्हते. देवघराचं काम टळलं म्हणून दुपारी छान झोपा काढल्या.

संस्थानं एकेक करून देशात सामील होत होती आणि निजाम अडून बसला होता, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या गावच्या लालबाग स्टेशनावरून फौजेच्या गाड्या भुसावळकडे जात. लोक फलाटावर जाऊन जवानांना केळी वाटत. ते बघूनच ह्यांच्या डोक्यात आलं असावं. कचेरीतली चांगली नोकरी सोडून ह्यांनी फौजेत नाव घातलं, आणि सोबत आपल्या मित्रालाही ओढलं. मित्र खकनारकडचा, घरी केळीच्या बागा. दोघं शाळेत एका बाकावरचे. ह्यांनी उडी मारायची आणि त्यानं पाणी किती आहे ते न बघता मागून मारायची, असं त्यांचं चाले.

भरती घाईची होती. घरच्यांचा निरोप घेऊन या, आणि येताना देवी टोचून घेऊन या, असा हुकूम मिळाला. दंडावर फोड दिसला तरच पलटणीत घेणार. छावणीत माणसाला माणूस चिकटून झोपतो. एकाला देवी निघाल्या तर सगळी पलटण बसते, असं तिथल्या डॉक्टरनं सांगितलं होतं.

ह्यांनी हे घरी सांगितलं आणि सासूबाई उंबऱ्यात आडव्या झाल्या. खरोखरच्या आडव्या.

"मले आधी वलांडून जाय, मंग सुई टोचून घे," म्हणाल्या. "दोन देऊन हा राखेल हाय मी."

हे हसले, चिडले, शेवटी जेवायचे थांबले. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनीच तोड काढली. सासऱ्यांचं कापडाचं दुकान होतं. ताग्यांवर खूण करायला लागणारे बिब्बे अजून फडताळात पडून होते. बिब्ब्याचा चीक अंगाला लागला की कातडी उतते, फोड येतो, मागे काळा वण राहतो. सासूबाईंनी बिब्बा दिव्यावर धरला आणि सुईला हात न लावता ह्यांच्या दंडावर देवी काढल्या.

"आत्याबाई, हे बरं नाही," मी म्हटलं. "सरकारला फसवाल, रोगाला कसं फसवणार?"

"तू नको शिकवू. तुह्या मायबापानं तुले टोचून ठेवलं, माह्या पोराले मी राखन."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. वाटलं, हे तरी नाही म्हणतील. ह्यांनी दंड फुंकत डोळा मारला. नवसही राहिला आणि फौजही मिळाली, म्हणून स्वारी खूश. मला इतका राग आला की त्या रात्रीची भाकरी मी मुद्दाम करपवली. रागाखाली भीती होती, ती मात्र करपवता येईना.

निघायच्या आधी मित्र आमच्याकडे येऊन राहिला. दोघं माडीवर तास न् तास हसत असत. निघताना त्याच्या दंडालाही रुमाल बांधलेला दिसला. त्याची आई बैलगाडीनं थेट स्टेशनावर आली होती. तिनं विचारलं तर त्यानं रुमाल सोडून फोड दाखवला. "टोचून घेतलं माय, आता भेव नाही," म्हणाला. तिनं त्याच्या दंडावर हळूच फुंकर घातली. मी ह्यांच्याकडे बघत राहिले, आणि हे गाडीकडे.

त्यानंतर बरेच दिवस काहीच झालं नाही, आणि त्या काहीच न होण्याचीच मला धास्ती वाटे. निजामाच्या हद्दीत आता फौजा शिरणार, आज शिरणार, उद्या शिरणार, असं चौकात रोज बोललं जाई. मग एका दुपारी पलटणीतला एक शिपाई आमच्या दाराशी आला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकीना. पाण्याचा तांब्याही त्यानं हातात घेतला नाही. मी वरून ओतलं, तो ओंजळीनं प्यायला.

"वहिनी, भाऊला माता निकली हाय," तो म्हणाला. "सामान गाडीत चढवेल व्हतं. बस, निघायचंच बाकी. तेवढ्यात एकाला ताप, मग दुसऱ्याला. डॉक्टरनं सगळ्यांचे दंड पुन्हा बघितले. कितीतरी खुणा एकसारख्या काळ्या. सामान उतरवलं. आता कोणी बाहेर नाही, कोणी आत नाही. आमच्या जागी दुसरी पलटण गेली. मी तर आधीच बाहेरच्या कामावर होतो म्हणून सुटलो."

"कितीतरी?" मी विचारलं. "ह्यांच्या एकट्याच्या नाही?"

त्यानं सासूबाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सासूबाईंनी जाताना पोराच्या उपरण्यात चार बिब्बे बांधून दिले होते, कोणाला लागले तर म्हणून. हे मला त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. शिपाई गेल्यावर मी विचारलंही. त्या नाही म्हणाल्या नाहीत.

घरात माता आल्यावर पाळतात तसं त्या दिवसापासून आमच्या घरात फोडणी बंद झाली. रोगी शेकडो मैलांवर छावणीच्या तंबूत, आणि इथे दाराला कडुनिंबाचे डहाळे, डोक्याला तेल नाही, कोणाचं येणं नाही, कोणाकडे जाणं नाही. सासूबाई ह्यांच्या रिकाम्या खाटेवर रोज लिंबाचा पाला पसरत, संध्याकाळी तो गोळा करून तापीत सोडून येत. मी त्यांच्याशी भांडायचं ठरवून बसले होते. पण त्या खाटेला वारा घालताना दिसल्या की मी पाठ फिरवून चुलीकडे जाई. निजाम शरण आला तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले. आमचं दार बंदच होतं. पेढे देणारा बाहेरच्या बाहेर परत गेला.

हे परत आले. चेहऱ्यावर वण, आणि दोन्ही डोळ्यांत पांढरं. फलाटावर मी पुढे होऊन हात धरला, तर ह्यांनी विचारलं, "कोन?" मित्र आला नाही. तो तिकडेच देवीत गेला होता.

मग एक दिवस त्याची आई आली, केळीचा घड डोक्यावर घेऊन. आपल्या मुलाचं सगळं करून, वर ह्यांना बघायला. हे ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. ती समोर सतरंजीवर बसली. सासूबाई माझ्या शेजारी उभ्या.

"बाप्पा, तू तरी आला," ती म्हणाली. "मले येकच सांग. त्याले टोचेल व्हतं ना? मी डोयानं पाह्यलं व्हतं. लोक म्हनतात, टोचलं का माता येत नाही. मंग माह्याच पोराचं कसं झालं?"

सासूबाई पाणी आणते म्हणून आत गेल्या. ह्यांनी तोंड उघडलं. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. तिनं थोडी वाट पाहिली. आपण आजारी माणसाला त्रास दिला असं वाटलं असावं तिला. तिनं मला खुणेनं गप्प राहायला सांगितलं, डोळे पुसले आणि अनवाणी पायांनी आवाज न करता ओसरी उतरून गेली.

"काकी," हे म्हणाले, "तो दवाखान्यात चालला व्हता. सकाळी पायात जोडे घालून तयार व्हता. मीच म्हनलं, कशाले जातो, पाच मिनिटांचं काम हाय. तो नाही म्हनत व्हता, काकी. मी हात धरून लावला त्याले बिब्बा."

सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या होत्या. समोरची सतरंजी रिकामी होती. हे तिच्याकडे तोंड करून वाट बघत होते.

"काकी, शिव्या दे, पन काहीतरी बोल ना."

आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो.