नोलाची झाडं आणि अर्धं पोतं सुपर

अल्विन पास्कोला आयुष्यात एकच औषध ठाऊक होतं, सुपर फॉस्फेट. गहू पिवळा पडला, टाक सुपर. मेंढ्यांना गवत पुरेना, टाक सुपर. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्याने विचारलं होतं, "मुलगी सुखात राहील ना?" तर ह्या गड्याने छाती फुगवून सांगितलं की यंदा एकरी दोन पोती टाकली आहेत. सासराही गहूवालाच, त्याला ते उत्तर पटलं.

हसायला सोपं आहे. पण त्याचं शेत होतं त्या बॅजिंगाऱ्याची जमीन ज्याने बघितली त्याला हसू येणार नाही. नुसती पांढरी वाळू आणि गुडघाभर झुडपं. दोन ट्रॅक्टर समांतर चालवायचे, त्यांच्यामध्ये जहाजाच्या नांगराची साखळी ओढायची, झुडपं आडवी करायची, वाळली की पेटवायची आणि वर सुपर. अल्विनने पंचविशीत अशी हजारभर एकर जमीन मोकळी केली. जिथे कुणाचं पोट भरलं नसतं तिथे गहू डुलायला लागला. अशा माणसाची खतावर भक्ती जडली तर त्यात नवल काय? पुढे खालच्या अंगाची जमीन क्षारपड झाली, पण त्या बाजूला तो फारसा फिरकत नसे.

गुडघे थकल्यावर त्याने शेत विकलं आणि नवराबायको गिनगिन गावात लहानशा घरात राहायला आली. त्याचं वय आता एकोणऐंशी. मागची बाग त्याची, टोमॅटो आणि लिंबाची. पुढचं अंगण बायकोचं, नोलाचं. तिथे 'कांगारूचा पंजा' म्हणतात त्या देशी फुलझाडाची अकरा झाडं होती. लांब चपटी पानं, लोकरीसारखा लाल देठ आणि टोकाला हिरवी फुलं, बोटं वाकवलेल्या पंजासारखी. ऑगस्टपासून, तिथला वसंत सुरू झाला की, मध प्यायला पाखरांची रीघ लागायची. ती झाडं फार दिवस टिकत नाहीत म्हणून नोला दरवर्षी बी धरायची, कंद फोडून लावायची. अल्विन समजत होता की ती कुठल्यातरी नर्सरीतून आणली असणार.

मे महिन्यात त्यांची लेक जिलियन बनबरीला शिडीवरून पडली आणि पाय मोडून घेतला. नोला तीन महिन्यांसाठी तिच्याकडे निघाली. गाडीत बसता बसता म्हणाली, "मागे तुझं काय ते कर. पुढच्या झाडांना काही घालायचं नाही. पाणी आभाळ देईल."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. उपाशी ठेव त्यांना."

उपाशी ठेव! अल्विनच्या काळजात ते सललं. रोज सकाळी चहाचा मग घेऊन तो पायरीवर बसायचा आणि त्या अकरा झाडांकडे बघायचा. रोज ती त्याला जरा जास्तच फिकट वाटायची. बिचारी वाळूत उभी, आणि आपण इथे टोस्टवर लोणी फासतोय. शेवटी जूनमध्ये, पाऊस येणार असं वाटलं त्या सोमवारी, त्याने शेडमधून जुनं पोतं ओढून काढलं. शेतावरून आठवण म्हणून आणलेलं, अर्धं भरलेलं. बापाने शिकवलं होतं तसं मूठ फिरवत त्याने सुपर टाकलं. संध्याकाळी पाऊस आला. पोरांना पोटभर जेवू घातल्यावर वाटतं तसं त्याला वाटलं.

तीन आठवड्यांनी पानांची टोकं काळी पडली आणि नवी पानं पिवळी निघाली. दुसरा कुणी असता तर थांबला असता. अल्विनने पन्नास वर्षांच्या अनुभवाने निदान केलं, कमी पडलं. आणि आणखी टाकलं.

दर रविवारी नोलाचा फोन यायचा. "पंजे कसे आहेत?"

"टवटवीत," अल्विन म्हणायचा. खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून लगेच हवापाण्यावर घसरायचा आणि भलतंच लांबवायचा.

जुलैअखेर निम्मी झाडं आडवी झाली तेव्हा तो घाबरला. एक पान वर्तमानपत्रात गुंडाळून तो ग्वेंडाकडे गेला. ग्वेंडा गावाबाहेर देशी झाडांची नर्सरी चालवायची. साठीची बाई, जीभ कात्रीसारखी.

"एका मित्राच्या बागेतलं आहे," अल्विन म्हणाला.

ग्वेंडाने पान उलटसुलट केलं. "मित्राने काय घातलं?"

"फारसं काही नाही. जरासं सुपर."

"जरासं म्हणजे?"

"दोनदा."

"मित्र गहूवाला दिसतो." ग्वेंडाने चष्मा काढला. "अरे अल्विन, ही झाडं लाखो वर्षं ह्या वाळूत वाढली. कणभर स्फुरद, म्हणजे तुझ्या सुपरमधलं फॉस्फरस, असलं तरी ओढून घेतात, पुरे म्हणायला त्यांना येतच नाही. तू त्यांच्या घशात अख्खं पोतं ओतलंस. खत द्यायचंच तर देशी झाडांचं वेगळं मिळतं, स्फुरद नसल्यासारखंच. तेही वसंतात, चिमूटभर."

"आता काय टाकू?"

"टाकू म्हणे! काही टाकायचं नाही. उपटून काढ, मुळं धू, वरची माती फेकून दे आणि कोऱ्या वाळूत लाव. मग हात खिशात घाल." मग ती हळू आवाजात म्हणाली, "नोलाची ना ही? दहा वर्षांपूर्वी तिने मला थोडं बी दिलं होतं. तुमच्या शेतावरच्या टेकडीचं. साखळी फिरायच्या आधी तिने बादलीभर गड्डे काढले होते म्हणे."

अल्विन गाडीत येऊन बसला.

ती टेकडी त्याला लख्ख आठवली. लग्नानंतरचं पहिलं वर्ष. नोला ट्रॅक्टरपाशी चहा घेऊन आली होती. टेकडीवर सगळीकडे वाळलेले देठ उभे होते. तिने विचारलं होतं, "एवढा तुकडा सोडला तर?" आणि तो म्हणाला होता, "साखळी मध्येच उचलता येत नाही." ती निघून गेली. त्याला वाटलं, घरी गेली. संध्याकाळी ती रडली तेव्हा त्याने तिला गुलाब आणून देतो म्हटलं, आणि दुसऱ्या आठवड्यात आणलेही. तो विषय त्याच्या लेखी तिथे मिटला होता. आणि ती मात्र पन्नासहून जास्त वर्षं, आधी शेतावर टाकीमागे, धुण्याच्या खोलीमागे, मग इथल्या अंगणात, जिथे त्याची मूठ पोचणार नाही अशा जागी ती टेकडी जगवत राहिली होती. नर्सरीवालीला ते माहीत होतं, नवऱ्याला नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

घरी येऊन तो गुडघ्यांवर बसला. दुखत होते, तरी बसला. गड्डे आल्याच्या गाठींसारखे असतात, मोडून बघितले की आतलं कळतं. सात आतून काळे निघाले. चार पांढरे होते. त्याने ते नळाखाली धुतले, कुंपणाजवळची स्वच्छ वाळू आणून त्यात लावले. एवढं झाल्यावर करण्यासारखं काही उरलं नाही, आणि तेच त्याला जमेना. दिवसातून दहादा तो पायरीवर जाऊन बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. पेलाभर पाणी तरी घालावं असं वाटायचं. उरलेलं सुपर त्याने कचऱ्याच्या आवारात नेऊन दिलं, हाताशी असतं तर धीर धरवला नसता.

रविवारी फोन वाजला.

"पंजे कसे आहेत?"

"मेले," अल्विन म्हणाला. "मी मारले. सात गेले. चार लावलेत, पण ते धरतील की नाही सांगता येत नाही."

"काय घातलंस?"

"सुपर. दोनदा. आणि तुला सहा रविवार खोटं सांगितलं."

"अरे देवा, अल्विन!"

"ऐक ना. ती कुठली होती ते ग्वेंडाने सांगितलं. नोला, त्या दिवशी साखळी उचलता येत होती. ट्रॅक्टर थांबवायचे, एका बाजूची कडी सोडायची आणि टेकडीला वळसा घालायचा. पंधरा मिनिटांचं काम होतं. मला थांबायचं नव्हतं, एवढंच."

नोला रडायला लागली. आवाज न करता रडायची तिची पद्धत होती, पण आज आवाज येत होता. अल्विन सवयीने खुर्चीतून अर्धा उठला. ग्वेंडाकडे तुझ्याच टेकडीचं बी आहे, उद्या जाऊन आणतो, पुढचं सगळं अंगण भरून टाकतो, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. तो पुन्हा खाली बसला. ते सांगायला पुढचा रविवार होता. फोन कानाला लावून तो काही न देता, काही न बोलता, तिचं रडणं संपेपर्यंत ऐकत राहिला.