दोन बिड्यांचा पाक

आमच्या गुऱ्हाळावर घड्याळ टिकलं नाही. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकदा हौसेनं भिंतीला लावलं होतं. महिन्याभरात वाफेनं त्याच्या काचेत पाणी धरलं आणि ते सव्वादोनवर थांबलं ते थांबलंच. कुणाचं काही अडलं नाही. गुऱ्हाळाची वेळ आकारामतात्यांच्या खिशात असायची, बंडलात बांधलेली.

तात्या आमचे गुळव्या. उसाचा रस काहिलीत आटवून त्याचा गूळ करायचा, एवढंच काम, असं लांबून वाटतं. पण पाक दोन मिनिटं आधी उतरवला तर ढेप बसत नाही आणि दोन मिनिटं उशिरा उतरवला तर गूळ काळा पडतो, कडवट लागतो. ती दोन मिनिटं ओळखणाऱ्यालाच गुळव्या म्हणतात. गडमुडशिंगीत आमच्याकडं तात्या बावीस वर्षं ती ओळखत आले. रसावरची मळी काढून झाली की ते पहिली बिडी पेटवत. फेस खाली बसून पिवळे बुडबुडे फुटायला लागले की दुसरी. दुसरी संपली की पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी करायची आणि काहिलीच्या काठावर मारायची. टण्ण वाजली की काहील उतरवायची. त्यांच्या तोंडून 'मिनिट' हा शब्द मी कधी ऐकला नाही. पाहुण्यानं किती वेळ लागंल विचारलं तर ते सांगत, "बसा की पावणं, दीड बिडीचं काम हाय."

अण्णा जैन शेतकरी घरातले, दिवस मावळायच्या आत जेवणारे. बिडीच्या वासानं त्यांचं डोकं चढायचं. गुऱ्हाळावर ते वाऱ्याची दिशा बघून खुर्ची टाकत आणि बावीस वर्षं रोज एकदा तरी म्हणत, आकाराम, सोड ती. तात्या मान डोलवत आणि धूर दुसऱ्या बाजूला सोडत. एवढं मात्र ते अण्णांचं ऐकत.

गेल्या पावसाळ्यात तात्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला ठेच लागली. साधी ठेच. हळद झाली, मलम झालं, दसरा आला तरी जखम भरेना. उलट अंगठ्याचं टोक काळं पडत चाललं. मोटरसायकल माझी, म्हणून कोल्हापूरला राजारामपुरीतल्या डॉक्टरकडं त्यांना न्यायची कामगिरी माझ्यावर आली. गाडी लावली तिथून दवाखाना दोनशे पावलं. तेवढ्यात तात्या तीनदा थांबले. पोटरी धरत होती, पण तसं सांगायचं कसं, म्हणून प्रत्येक वेळी ते एखाद्या क्लासच्या बोर्डापुढं उभं राहून अकरावी सायन्सची जाहिरात मन लावून वाचत. तात्यांचं शिक्षण चौथी.  प्रवेश घेणार का, एवढंच मी विचारलं.

डॉक्टर आदिती मगदूम वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी पायाची नाडी बराच वेळ शोधली, मग यंत्र लावून शोधली, आणि रोज किती ओढता असं विचारलं. तात्या म्हणाले, जास्त नाही, एक बंडल, सणासुदीला दोन. मग डॉक्टरांनी साध्या शब्दांत सांगितलं. पायाला रक्त नेणाऱ्या नळ्या बारीक होत चालल्यात आणि ते काम बिडीचं आहे. आज सोडली तर जखम भरायची आशा आहे. नाही सोडली तर आधी अंगठा जाईल, मग पाऊल, आणि तिथंही थांबेल असं नाही.

तात्यांनी जनावरांच्या बाजारात करावी तशी घासाघीस सुरू केली. दिवसाला पाच? दोन? बरं, रविवारी एक?

"काका, एक ओढली तरी पायाला कळतं," डॉक्टर म्हणाल्या. तंबाखू नको, मिश्री नको, धूर दुसऱ्याचाही नको. तलपेबद्दल त्यांनी एक गोष्ट सांगितली. ती आली की आता जातच नाही असं वाटतं, पण पाच-सात मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ हाताला आणि तोंडाला काम द्यायचं, आणि घड्याळ बघत बसायचं.

"माझ्याकडं घड्याळ न्हाई," तात्या म्हणाले.

परत गाडीपाशी आल्यावर ते तिला टेकून उभे राहिले. वय सेहेचाळीस, बिडी चौदाव्या वर्षापासूनची. मला वाटलं आता खिशात हात जाणार. हात गेला, पण परत रिकामा आला. "पाय न्हाई तर काहिलीपाशी हुबं कोण ऱ्हाणार?" ते म्हणाले, आणि मागं बसले. गुऱ्हाळावर येऊन त्यांनी उरलेलं बंडल काहिलीखालच्या चुलवाणाच्या राखेत पुरलं. चुलवाणात चिपाडं सारणारा आमचा गुंडू स्वतः तंबाखूवाला. पेटवायचं तरी होतं, नाहीतर मला द्यायचं होतं, म्हणून तो दिवसभर हळहळला.

पुढचे चार दिवस तात्यांनी कसे काढले ते त्यांच्या बायकोला, शालूकाकींनाच ठाऊक. ते शेळीवर ओरडले, दाराच्या कडीवर ओरडले, शेजाऱ्याच्या टीव्हीवर ओरडले. खिशात लवंगा, तोंडात उसाचं कांडं, हाताला काम म्हणून दोरी वळणं. घरात एवढी दोरी झाली की काकी म्हणाल्या, आता एक म्हैस तरी घ्या, बांधू. आणि माझ्या आईला येऊन सांगून गेल्या, "नवा माणूस आणून ठेवलाय वैनी घरात. आधीचा बरा व्हता. तोंडात बिडी असली की गप तरी बसायचा."

पाचव्या दिवशी हंगामातलं पहिलं आधण, म्हणजे रसाची पहिली काहील, चढलं. मळी निघाली, फेस आला, फेस बसला. तात्या उसाचं कांडं चघळत काहिलीपाशी उभे. खाली जाळ जोरात, वर बुडबुडे जोरात. तात्यांना काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण काय ते कळेना. कळलं तेव्हा करपल्याचा वास माझ्याही नाकाला आला होता. सगळी काहील काळी.

गुळव्याच्या हातून काहील करपणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. तात्या तरातरा, म्हणजे त्यांच्या पायाला जमेल तसे, चुलवाणाच्या खड्ड्यापाशी गेले आणि पेटती चिपाडं मागं घेऊन जाळ का ओढला नाहीस म्हणून गुंडूवर तुटून पडले.

गुंडू खड्ड्यातून वर बघत म्हणाला, "तुमी दुसरी बिडी पेटवायला खाली आलाच न्हाईसा. मग मी जाळ कसा ओढू?"

 खड्ड्यातून काहील दिसत नाही. तात्या दुसऱ्या बिडीसाठी चुलवाणातलं पेटतं चिपाड घ्यायला वाकले, की आता जाळ कमी करायचा, हे गुंडूनं पहिल्या वर्षीच मनाशी धरलं होतं. त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. तात्यांनी त्याला कधी 'जाळ ओढ' म्हटलं नव्हतं. त्यांना वाटायचं, गुंडूला समज आहे. बावीस वर्षं एक बिडी मध्ये उभी राहून दोघांचा संसार चालवत होती आणि दोघांनाही पत्ता नव्हता.

दुसऱ्या आधणाला तात्यांनी हाक मारायचं ठरवलं, तर ती धसक्यानं फार लवकर मारली आणि काहीलही घाईनं उतरवली. गूळ बसला नाही, सगळ्याची काकवी झाली.

संध्याकाळी अण्णा जेवून गुऱ्हाळावर आले. ऊस घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांना काय तोंड दाखवायचं या काळजीनं ते अर्धे झाले होते. त्यांनी टॉवेलातून वर्तमानपत्राचा पुडा काढला आणि तात्यांपुढं ठेवला. आत बिडीचं बंडल. अण्णांनी स्वतः पानपट्टीवर जाऊन आणलेलं. ते मागताना त्यांचं तोंड कसं झालं असेल हे मला अजून बघावंसं वाटतं.

"हंगाम संपंस्तवर आधणाला दोन," अण्णा म्हणाले. "मी बघितलं न्हाई असं समजतो."

तात्यांनी पुडा हातात घेतला. एक बिडी ओढून काढली, नाकाखाली धरली.  गुंडूनं खड्ड्यातून मान वर काढली होती. माझ्या मनात खरं तर अण्णांना थांबवायचं होतं, पण जीभ उचलली नाही. तात्यांनी बिडी पुन्हा बंडलात घातली, पुडा नीट गुंडाळला आणि अण्णांच्या हातात परत दिला.

"अण्णा, बावीस वर्सं तुमी सोड म्हणत व्हतासा, मी ऐकलं न्हाई. आता वढ म्हणताय, ते बी ऐकत न्हाई. दुसरा गुळव्या बघायचा असंल तर बघा. मी राग धरणार न्हाई."

अण्णांनी चार दिवसांची मुदत दिली. पुडा मात्र त्यांच्याकडंच राहिला, आणि जैनाच्या घरात बिडीबंडल कुठं टाकायचं हा नवा प्रश्न त्यांच्यापुढं उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या आधणाला मी मुद्दाम जवळ थांबलो. मळी निघाली तशी तात्यांनी डोळे मिटले, शेजारचा खांब घट्ट धरला, लवंग चावली. घामाघूम झाले. हळूहळू हात सैल पडला. पुन्हा पळी घेऊन कामाला लागले. फेस बसायला लागला आणि त्यांच्या चेहऱ्यावर परत तेच. पण या खेपेला डोळे मिटले नाहीत. पाकाकडं बघत राहिले, कुणीतरी ओळखीचं दिसल्यासारखे.

"गुंडू, आली."

"काय आली?"

"दुसरी. जाळ वढ."

तेव्हा मला उमगलं. बिडी गेली होती, पण तिची वेळ अंगातून गेली नव्हती. फेस बसला की शरीर बावीस वर्षांच्या सवयीनं बिडी मागत होतं, अगदी त्याच क्षणी. तलप आली की जाळ ओढायचा. ती ओसरेपर्यंत पाक हलवत राहायचं. डॉक्टरांनी सांगितलेली पाच-सात मिनिटं म्हणजे एका बिडीचीच वेळ. तलप ओसरली, तात्यांनी गोळी करून काठावर मारली. टण्ण. काहील उतरवली. ढेप बसली, सोनेरी. अण्णांची मुदत तिथंच संपली.

ज्या तलपेनं तात्यांचं जगणं नकोसं केलं होतं, तिलाच त्यांनी बिनपगारी कामाला लावलं. मी यावरून त्यांची बरीच चेष्टा केली, पण त्यातली गोम मला उशिरा कळली. बिडी सोडणारा माणूस तलप टाळायला बघतो, दुसरीकडं लक्ष घालतो. तात्यांना ती सोय नव्हती. दिवसाला चार आधणं, आधणाला दोन तलपा. प्रत्येक वेळी ती पुरती येऊ द्यायची, तिच्यासमोर उभं राहायचं आणि तिला हात न लावता परत पाठवायचं, तेही दुखऱ्या पायावर. हे मला एक दिवस जमलं नसतं. मला चहा सोडताना काय झालं होतं, ते घरच्यांना विचारा.

एकदा पाय घसरला, तेही सांगायला हवं. जानेवारीत नेसरीला शालूकाकींच्या भावाकडं, विजयसिंहांकडं, वास्तुशांत होती. मांडवामागं मेहुण्यानं प्रेमानं पेटवून हातात दिली आणि तात्यांनी दोन झुरके घेतले. परतीच्या एसटीत त्यांनी आपण होऊन काकींना सांगितलं. काकी कोल्हापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवरून तात्यांनी डॉक्टरांनाही कळवलं, दोन झुरके म्हणून. तिसरा नको, एवढंच त्या म्हणाल्या. तिसरा झाला नाही.

फेब्रुवारीत जखम मिटली. अंगठ्याचं टोक गेलं, नख वाकडं आलं, पण अंगठा राहिला. डॉक्टरांनी बजावलं की नळ्यांचं जे व्हायचं ते झालंय, राखायचं ते आयुष्यभर राखावं लागेल. येताना तात्या ती दोनशे पावलं न थांबता चालले. घरी मात्र नवीनच कटकट सुरू झाली होती. पंचवीस वर्षं मुकाट्यानं खाल्लेली आमटी खारट लागते, असं ते म्हणायला लागले. काकी म्हणाल्या, ती पहिल्या दिवसापासून खारटच आहे, तुम्हालाच आत्ता कळलं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, हंगामातलं जवळजवळ शेवटचं आधण. मळी निघाली. तात्या उभे. फेस चढला, बसायला लागला. गुंडू खड्ड्यातून वर कान लावून. तात्या वाट बघत होते. पिवळे बुडबुडे फुटायला लागले, तरी हाक येईना. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. तलप आली नव्हती. आली नाही याचा आनंद मानायचा, की काहील जातेय म्हणून ओरडायचं, हे मला समजेना. तात्याही क्षणभर गोंधळले. त्यांनी छातीवर हात ठेवून बघितलं, हरवलेली वस्तू खिशात चाचपावी तसं.

मग ते काहिलीवर वाकले. एवढे वाकले की मी त्यांचा सदरा मागून धरला. वाफेत तोंड घालून त्यांनी लांब श्वास घेतला, सोडला, परत घेतला.

"वढ जाळ," ते म्हणाले. आवाज हळू होता, पण गुंडूला पोचला.

काही वेळानं पुन्हा वाकले, पुन्हा वास घेतला आणि गोळी न करताच काहील उतरवायला सांगितली. आम्ही चौघांनी उतरवली. गुंडूनं राहवेना म्हणून मागून गुपचूप गोळी करून मारली. वाजली.

ढेप गार व्हायच्या आत अण्णा आले. त्यांनी कडेचा तुकडा मोडला, उन्हात धरला, उलटासुलटा केला आणि रंग बरा आहे म्हणाले. अण्णांच्या तोंडी याहून मोठं कौतुक नाही.

"रंग काय, कुणालाबी दिसतोय," तात्या म्हणाले. "वास घ्या की."