पोचल्याचा फोन येईपर्यंत

घरातून माणूस बाहेर पडलं की लगेच केर काढायचा नाही, हे आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक असतं. गेलेलं माणूस सुखरूप पोचावं, एवढाच त्यामागचा हेतू. पण माणूस कोपऱ्यावरून वळलं की बायका पदर खोचून झाडू हातात घेतात आणि तेवढं पुरतं. आमच्या ह्यांनी मात्र ही रीत फारच ताणली.

गगनबावड्याच्या पुढे, जिथून जुनी पायवाट खाली कोकणात उतरते, तिथे कड्यापासून थोड्या आत आमच्या दोन खोल्या आहेत. चिऱ्याच्या भिंती, वर पत्रा, आत सतरंज्या आणि वाकळा. कोल्हापुरात शाहूपुरीतलं पंपाचं दुकान मुलाच्या हाती दिल्यावर ह्यांना घरात बसवेना. पायाला भिंगरी लागलेलीच होती. म्हणून ही जागा घेतली आणि ट्रेकला येणाऱ्यांसाठी निवारा बांधला. शनिवारी संध्याकाळी पोरंपोरी येतात, पिठलं-भाकरी खातात, गाणी म्हणतात, आणि रविवारी सकाळी वाटाड्याबरोबर घाट उतरतात. हवा स्वच्छ असली तर आमच्या दारातून पश्चिमेला एक चकाकती रेघ दिसते. तो समुद्र आहे, असं हे प्रत्येकाला छातीठोकपणे सांगतात. मला तो ढगच वाटतो, पण मी लोकांसमोर बोलत नाही.

तर ह्यांचा नियम असा, की पोरं खालच्या गावात पोचली, तिथून फोन आला, की मगच खोली झाडायची. तोवर झाडूला हात लावायचा नाही. आणि मी कशी, तर ताटाखाली शीत दिसलं तरी जेवण न जाणारी. चिखलाच्या बुटांचे ठसे, शेंगांची टरफलं, बिस्किटांचे कागद, भिजलेल्या मोज्यांचा वास, आणि त्यात मी दुपारपर्यंत बसायचं! किती वेळा म्हटलं, "अहो, ती पोरं त्यांच्या पायांनी चालत्यात. माझ्या झाडूचा काय संबंध?" ह्यांचं उत्तर ठरलेलं. "संबंध न्हाई तर मग ऱ्हाऊ दे की. तुझं काय अडलंय?" माझे हात शिवशिवत असतात, हेच माझं अडलेलं असतं. पण ते कुणाला सांगणार!

गेल्या साली गणपती झाल्यानंतरची गोष्ट. नवरात्र तोंडावर आलेलं, सगळं कोल्हापूर घरं धूत होतं, वाकळा वाळत घालत होतं, आणि मी इथे धुक्यात. धुकं असं की अंगणातलं पाण्याचं पिंपसुद्धा दिसत नव्हतं. पुण्याहून सात-आठ जणांचा गट आलेला. सकाळी वाटाड्याचा निरोप आला, ताप भरलाय, येत नाही. मी म्हटलं, झालं, आता सगळ्यांना मोटारीनं परत पाठवा. पण पोरांची तोंडं उतरलेली बघून ह्यांच्या अंगात आलं.

त्याच्या आधीच्याच उन्हाळ्यात ह्यांच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसवली होती. चढ चढायचा नाही, असं डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं. मलाच सांगितलं, कारण ह्यांना सांगून उपयोग नाही हे त्यांनाही कळलं असावं.

"पयल्या वळणापतुर सोडून येतो," हे म्हणाले. "तिथनं वाट सरळ हाय."

"धुक्यात कुणाला दिसतीया सरळ न् वाकडी?"

"मला दिसती की. आलोच."

आणि गेले. पहिलं वळण म्हणजे आमच्या अंगणातून हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. चहाचं आधण ठेवलं, उकळलं, चहा झाला, त्याचा काढा झाला. हे आले नाहीत.

मी दारात जाऊन हाका मारल्या. धुक्यात हाक फार लांब जात नाही. आत आले. खोलीभर पसारा. एका कोपऱ्यात कुणीतरी संत्री सोलून साली तिथेच टाकलेल्या. खाली बसले, उठले, वाकळांच्या घड्या घालायला घेतल्या आणि तशाच टाकल्या. मुलाला फोन करावा असं मनात आलं, पण शाहूपुरीतून तो काय करणार? उगीच गाडी पळवत घाटात येईल, म्हणजे आणखी एक घोर. मला राग आला होता. खरं तर भीती वाटत होती, पण माझ्या भीतीला रागाचीच सवय आहे. मनातल्या मनात ह्यांना एवढं बोलले की तोंड कोरडं पडलं.

किती वेळ गेला कोण जाणे, पण फोन वाजला. माझा जीव भांड्यात पडला. आणि दुसऱ्याच क्षणी कळलं की हा माझा फोन नव्हे. ह्यांचा फोन, वाकळांच्या ढिगाखाली वाजत होता. म्हणजे हे फोन न घेताच गेले होते.

पलीकडे एक पोरगी होती, आवाजात नुसता आनंद. "काकू, आम्ही पोचलो! काकांना थँक यू सांगा. ते ओढ्यापर्यंत आले होते आमच्याबरोबर."

ओढा म्हणजे निम्मा घाट. मी विचारलं, परत कधी फिरले? "केव्हाच," ती म्हणाली. "पोचले असतील ना आता?" मी हो म्हटलं. त्या पोरीला कशाला घोर लावायचा?

फोन ठेवला. नियमानं आता खोली झाडायला हरकत नव्हती. पोरं पोचली होती, फोन आला होता. सवयीनं मी दारामागचा झाडू उचललासुद्धा. आणि मग तो होता तिथे परत ठेवला. इतकी वर्षं ह्या खुळाची टिंगल केली, आणि आता कुणी लाख दिले असते तरी मी त्या खोलीतलं एक टरफल उचललं नसतं.

मोठी परात आणि उलथनं घेऊन मी बाहेर पडले. भिंतीला धरून, मग दगडी बांध धरून, पहिल्या वळणापाशी गेले आणि परात बडवायला सुरुवात केली. धुक्यात कुणी चुकलं तर हे स्वतः असंच करायचे. पुढे जायची माझी छाती झाली नाही. तिथेच उभी राहून बडवत राहिले, खांदा भरून आला तरी. थांबून कान द्यायची, काही ऐकू आलं नाही की परत बडवायची. देवाचं नावसुद्धा नीट सुचत नव्हतं.

मग खालून एक खोकला आला. तो खोकला मी हजारात ओळखीन.

हे काठी टेकत वर आले. ओठ पांढरे पडलेले, टोपी भिजून कपाळाला चिकटलेली. माझ्या हातातली परात बघून म्हणाले, "कुणाची वरात हाय गं?"

"कुठं हुतासा?"

"बसलतो. पाय उचलंना झालता." थोडं थांबून, माझ्याकडं न बघता म्हणाले, "छातीत भरून आलतं जरा. मग परातीचा आवाज आला. म्हटलं, निदान ही वाजवून वाजवून मरायच्या आत वर जावं."

त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, आणि एरवी ते कधी भार टाकत नाहीत एवढा भार टाकत होते. मी रडत होते. धुक्यानं तोंड ओलंच होतं, त्यामुळे कुणाला कळलं नसतं, पण त्यांना कळलं.

खोलीत आल्यावर ते पसाऱ्यातच बसले, दाराजवळच्या भिंतीला पाठ लावून. मी शेजारी टेकून मुलाला गाडी घेऊन बोलावलं, डॉक्टरकडे जायचंच होतं. ह्यांनी वाद घातला नाही, त्यानंच मला जास्त भीती वाटली. मग त्यांचं लक्ष संत्र्याच्या सालींकडं गेलं.

"पोरांचा फोन आला न्हाई व्हय?"

"आला की. कवाच आला."

"मग झाडलं का न्हाईस?"

"तुमी कुठं पोचला हुतासा?"

ह्यांनी हात लांब करून दारामागचा झाडू ओढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"घे," म्हणाले, "झाड आता. पोचलो मी."

दिवसभर ज्याच्यासाठी हात शिवशिवत होते तो झाडू मांडीवर होता, आणि मला काही केल्या उठवेना.