दुरूनच करा

त्यानं कीबोर्ड माह्या तोंडावर हाणला. ओठ फाटला. बटनं फरशीवर उडाली. माही चूक काय, तं साहेबाचं अडकलेलं कॉम्प्युटर नीट कराले मी त्याच्या खुर्चीत बसली.

"माह्या मशीनले हात काऊन लावला? तुमा लोकायनं दुरूनच करा, काय करायचं ते."

सारं हापीस पाहून राह्यलं होतं. अटेंडर शिपायानं खुर्चीवर पाणी शिंपडलं. मी, कॉम्प्युटरची डिग्रीवाली, रक्त गिळून उभी. लाज त्याले वाटाले पायजे होती, वाटली मले! त्याचाच राग अजून जात नाई.

दुरून? बरं. दुरूनच.

कोपऱ्यात बसून स्क्रिप्ट लिहिली, आपोआप चालनारा लहानसा प्रोग्राम. उटनूर, नेरडीगोंडा अन् आमचं आदिलाबादचं, तिन्ही सरकारी हापिसं मिळून नऊ कॉम्प्युटर. दर पाच मिनिटाले माही स्क्रिप्ट एकेकाले विचारे, प्रोसेसरवर भार किती, अन् कोणत्या प्रोग्रामचा? उत्तर माह्या फाईलीत लिहून ठेवे. कोणाच्या मशीनले बोट लावाचं काम नाई.

मंग एक दिवस जातीचे दाखले अडकले. ते साहेबाच्या मशीनवरूनच सुटत. बाहेर सकाळपासून लाईन. वरच्या मॅडम तपासणीले निघालेल्या.

साहेब बोंबलला, "हिनंच बिघडवलं. आज हिले काढतोच!"

म्या फाईल उघडली. "आठ मशीनवर पंधरा-वीस टक्के भार. तुमच्यावर नव्व्याण्णव. रमी खेळून राह्यले तुमी, सर."

त्याचं तोंड उतरलं. जवळ येऊन हळूच म्हणे, "ये बाई, बस माह्या खुर्चीवर. गेम काढ. मंग ती फाईल पुस."

तीच खुर्ची!

"आता विटाळ नाई होत?"

त्यानं माह्ये केस धरले. डोकं टेबलावर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा आपटाच्या आत म्या त्याच्या मनगटात दात रोवले. कचकन. तो बैलावानी ओरडला. मॅडम दारात उभ्या होत्या. कपाळातून रक्त वाहत होतं, तरी म्या फाईल पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचली. लाईनीतल्या लोकायनंबी ऐकली.

ठाण्यात कीबोर्डापासून सारं लिहून देल्लं. आता तो निरोप धाडून राह्यला, फोनवर माफी मांगतो, केस मागं घे.

फोनवर. म्हंजे दुरूनच.

नाई घेत. कोर्टात ये. माह्या हाताले लागशील इतका जवळ उभा राह्य.